फ्रिजवरचा कोंबडा

सव्वीस वर्षं मी लोकांच्या गाड्यांची दारं
लावून बघतोय.
नीट लागलं तर ठप्प,
पोत्यावर पोतं टाकल्यासारखं.
ठण्ण वाजलं की समजायचं, आत काहीतरी झालंय
आणि मालक ते सांगणार नाही.

मालक कधीच सांगत नाही.
मीही नाही सांगत.
यॉर्कटनच्या वेशीवर, गव्हाच्या कोठारांसमोर,
असा आमचा धंदा चालतो:
तो गंज लपवतो, मी आकडा.

वेर्ना कोवालचूक आली मार्चमधल्या मंगळवारी,
बाहेर उणे एकोणीस.
निळी ब्यूइक, पंधरा वर्षांची,
एक लाख चौऱ्याण्णव हजार किलोमीटर,
आणि बुटांच्या खोक्यात एकूण एक पावती,
तेलाची, टायरची, वायपरच्या पात्यांचीसुद्धा.
तीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई.
खुर्चीतही बसली ती
आरशातून मागची पोरं बघत असल्यासारखी.

मी गाडीभोवती फिरलो. माझी एक सवय आहे,
सवय कसली, हत्यारच:
बोलायचं नाही काही.
ओरखड्यावर नुसतं बोट ठेवायचं, थांबायचं,
पुढं सरकायचं.
चौथ्या ओरखड्यापर्यंत माणूस आपला आपणच
शंभर-शंभर डॉलर खाली उतरतो.
वेर्ना उतरली नाही.
"ती गारपीट," म्हणाली, "सहा वर्षांपूर्वीची.
तुमच्या पत्र्यालाही पोचे आहेत तिचे."

खरं होतं. मी वर बघितलं नाही.

काचेच्या केबिनमध्ये गेलो. लोकांना वाटतं
आत मी साहेबांशी त्यांच्यासाठी भांडतोय.
आत ड्वेन सूप पीत होता.
सात मिनिटं आम्ही हॉकीवर बोललो,
सात पुरतात,
मग कागदावर एकवीसशे लिहून बाहेर आलो,
तोंड असं, की घरी कुणीतरी आजारी आहे.

"घ्याल त्या गाडीवर आठशे सोडतो."
"एका खिशातलं दुसऱ्या खिशात घालू नकोस, लॉर्न.
आधी माझी गाडी. ती मिटली की तुझी."

नाव माझ्या छातीवरच लिहिलेलं होतं.
तिच्या बसमध्ये मी कधी बसलो नव्हतो,
आम्ही शाळेजवळ राहायचो, चालत जायचो.
तरी पाय आपोआप खुर्चीखाली गेले.

मग आवारात. ती रुपेरी, चार वर्षांची,
जिच्यावर तिची नजर होती.
वेर्नानं हातमोजा काढला, खिशातून काढला
फ्रिजवर लावायचा चुंबकाचा कोंबडा,
तुरा तुटलेला.
बॉनेटला लावला, चिकटला.
पुढच्या दाराला, चिकटला.
मागच्या डाव्या बाजूला लावला
आणि कोंबडा बर्फात पडला.

"ॲल्युमिनियम असेल," मी म्हटलं.
"उजव्या बाजूला नव्हतं."
परत लावला. परत पडला.

मला माहीत होतं का?
ड्वेनला माहीत होतं.
मला माहीत नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं.
हा फरक मी सव्वीस वर्षं पगारावर सांभाळलाय.

तिनं कोंबडा कोटाला पुसला,
आपल्या ब्यूइकपाशी गेली,
आणि जिथं मी बोट ठेवलं होतं
नेमका त्या ओरखड्यावर बसवला.
घट्ट बसला.
"म्हातारी आहे," म्हणाली, "पण सगळी लोखंडच आहे."

छत्तीसशे पन्नास.
केबिनमध्ये न जाता लिहिलं,
बोटं गारठलेली, तीन नीट आला नाही.
रुपेरी नाही घेतली तिनं. मागच्या रांगेतली
तपकिरी घेतली, ठप्प वाजणारी,
आणि तिच्यावरही दोनशे पाडून घेतले.

कोंबडा ब्यूइकवरच राहिला.
फोन करायला हवा. एप्रिल संपत आला,
खोक्यातल्या पावत्यांवर नंबर आहे.
सकाळी ड्वेन यायच्या आधी
मी आमच्याच एखाद्या गाडीला लावून बघतो.
पडला की
पहिल्यांदा मागं वळून बघतो,
मग उचलतो.